प्रकल्पग्रस्त दाखल्याच्या चार खेपा

काळम्मावाडी धरणात आजोबांची जमीन गेली. त्यामुळे शासकीय नोकरीतील ५ टक्के समांतर आरक्षणासाठी लागणारा प्रकल्पग्रस्त दाखला वडिलांच्या नावावरून माझ्या नावे करून घेण्यासाठी कोल्हापुरातील एका कार्यालयात मला चार खेपा घालाव्या लागल्या. खिडकीवरचे कारकून सौजन्याने बोलतात आणि जमीन संपादनाच्या निवाड्याची (मोबदला ठरवणाऱ्या आदेशाची) जीर्ण नक्कल त्यांनी स्वतः प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून दिली, हे मान्यच केले पाहिजे. तरीही पाचपैकी दोनच तारे. १९७६ सालीच, म्हणजे केंद्राच्या २०१३ च्या भूसंपादन व पुनर्वसन कायद्याच्या कितीतरी आधी, पुनर्वसनाचा कायदा करणाऱ्या राज्यात आवश्यक कागदांची साधी यादी भिंतीवर नसावी? वारसनोंद, मग भावंडांचे संमतीपत्र, अशी एकेक मागणी दर खेपेला नव्याने निघते आणि राधानगरीहून आलेल्या माणसाचा प्रत्येक वेळी एक दिवस मोडतो.