धुळ्यातले अपंगत्व पेन्शनचे वकील: ५ पैकी ४ स्टार

फौजेतल्या माझ्या मोठ्या भावाला मेडिकल बोर्डाने ३० टक्के अपंगत्व दिलं पण शेरा मारला की आजार नोकरीमुळे झाला नाही आणि वाढलाही नाही, झालं, क्लेम रिजेक्ट. आम्ही शिरपूरकडचे, भाऊ तर कागद पेटीत टाकून कापसाच्या मागे लागला होता, खूप वाईट वाटायचं त्याच्याकडे बघून.

वकील साहेबांनी पहिलं हेच विचारलं, दादा, भरतीच्या मेडिकलला हा आजार लिहिलेला होता का? नव्हता. मग त्यांनी सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा धरमवीर सिंग निकाल समजावून सांगितला, की भरतीवेळी नोंद नसेल तर आजार नोकरीतच लागला असं धरतात आणि तसं नाही हे सरकारने सिद्ध करायचं. खात्याकडे केलेले दोन्ही अपील फेटाळले तरी त्यांनी सोडलं नाही, मुंबईच्या सशस्त्र दल न्यायाधिकरणात, म्हणजे फौजींच्या केसेस ऐकणाऱ्या कोर्टात गेले आणि जिंकलो, वरून राउंडिंगमध्ये, म्हणजे टक्के वरच्या ठरलेल्या टप्प्यावर नेतात त्यात, ३० ऐवजी ५० टक्के धरले!

फी आधीच स्पष्ट सांगतात, तारखेचा फोन स्वतः करतात. एक स्टार कापला कारण ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, गुडघा गेलेल्या जवानाने चढायचं कसं? खाली बसायची सोय कराच साहेब. आणि रिजेक्टचं पत्र कोणी फेकू नका रे भाऊ.