जुनं शेततळं वाढवायचं की नवं खोदायचं?

गणपतीला परळच्या खोलीत भाऊ जमले की विषय एकच, सिन्नरचं शेततळं. ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल, काठांना एकास एक उतार, म्हणजे सुमारे २१९६ घनमीटर पाणी. मे महिन्यात डाळिंबाला ते पुरत नाही.

दादा म्हणतो, चारी बाजूंनी दोन-दोन मीटर वाढवू. साठा २८९२ घनमीटरपर्यंत जाईल, जमीनही फार अडणार नाही. खरं आहे. पण पाणी मुरू नये म्हणून आत ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद आहे. उन्हानं कडक झालेल्या कागदाला नवा जोड धड बसत नाही, म्हणजे अख्खा कागद नवाच घ्यायचा. शिवाय बांध फोडून माती पुन्हा थराथरानं दाबायची, तीही तळं रिकामं करून, पावसाआधी. तेवढे दिवस बाग कशावर जगवायची?

नव्या तळ्याला बांधासकट बारा-तेरा गुंठे जातात आणि उन्हात उडून जाणारं पाणीही वाढतं. तरी साठा दुप्पट होतो, जुनं तळं भरलेलं राहतं, एकाचा कागद फाटला तर दुसरं हाताशी असतं. माझं मत नव्यालाच. जागा मात्र वरच्या मुरमाड तुकड्यात हवी. तिथं पीक तसंही येत नाही, आणि पाणी उतारानं बागेत येईल.