फेज थेरपी: 5 पैकी साडेतीन स्टार

कुठलंच अँटिबायोटिक चालेना अशा हॉस्पिटलच्या इन्फेक्शनवर फेज थेरपी घ्यावी का, हे बरेच जण विचारतात म्हणून नीट लिहितोय. फेज म्हणजे फक्त बॅक्टेरियाला लागणारे व्हायरस, आपल्या पेशींच्या वाटेला जात नाहीत. बॅक्टेरियाला चिकटतात, स्वतःचा डीएनए आत सोडतात, आतल्या आत वाढतात आणि त्याला फोडून बाहेर पडतात, की चालले पुढच्यावर. म्हणजे जिथे इन्फेक्शन तिथेच औषध आपोआप वाढतं! दोन स्टार यालाच.

तिसरा स्टार टॉम पॅटरसनच्या केसला. 2016, सॅन दिएगो, अंगात ॲसिनेटोबॅक्टर नावाचा चिवट बॅक्टेरिया, सगळी औषधं फेल, माणूस कोमात. बायको स्टेफनी स्ट्रॅथडी स्वतः साथरोगतज्ज्ञ, तिने संशोधकांना मेल करकरून फेज मिळवले, ते शिरेतून दिले आणि तो वाचला. मधेच बॅक्टेरिया त्या फेजना दाद देईना तर सांडपाण्यातून नवीन शोधले. अँटिबायोटिक सोबत चालूच होतं, हे मात्र कोणी सांगत नाही. आणि ही जोडी खरंच कामाची आहे कारण फेजपासून वाचायला ॲसिनेटोबॅक्टर कधीकधी बाहेरचं आवरणच टाकून देतो आणि मग आधी फेल गेलेलं अँटिबायोटिक परत लागू पडू शकतं. अर्धा स्टार त्याचा.

आता कापलेला दीड. एका पेशंटच्या सूडोमोनासवर (हाही हॉस्पिटलमध्ये त्रास देणारा बॅक्टेरिया) चालणारा फेज दुसऱ्याच्या सूडोमोनासवर चालेलच असं नाही, त्यामुळे आधी लॅबमध्ये जुळवून बघावंच लागतं. म्हणून फेजच्या तयार मिश्रणाच्या बाटलीवर माझा भरवसा नाही. जॉर्जिया देशातल्या तिबिलिसीची एलियावा इन्स्टिट्यूट 1923 पासून याच कामात आहे, मला प्रचंड आदर आहे, पण तिथलं पायो फेज हे तयार मिश्रण मूत्रमार्गाच्या इन्फेक्शनवर नीट ट्रायल करून बघितलं तेव्हा प्लासिबोपेक्षा (म्हणजे औषध नसलेल्या नकली डोसपेक्षा) सरस ठरलं नाही. युरोपातल्या फॅगोबर्न ट्रायलमध्ये तर भाजलेल्या पेशंटसाठी केलेल्या मिश्रणातले फेज साठवणीतच कमी होत गेले, ठरलेल्या डोसपेक्षा खूपच कमी पोचले आणि नेहमीचं सिल्व्हरचं मलम जास्त लवकर लागू पडलं.

बेल्जियममध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीवर त्या पेशंटपुरतं फेजचं औषध फार्मसीत बनवून मिळतं, बाकी बहुतेक ठिकाणी खास परवानगी काढावी लागते आणि त्यात वेळ जातो. तुमच्या माणसासाठी विचार करत असाल तर कल्चर रिपोर्ट (कुठला बॅक्टेरिया आहे हे सांगणारा) आल्या आल्या लॅबला सांगा की तो बॅक्टेरिया फेकू नका, जपून ठेवा, कारण तोच नसेल तर फेज जुळवणार कशावर?