डब्ल्यू-4 फॉर्म आणि त्यातली टीचभर चौकट: दोन वर्षांनंतर

एप्रिल 2025. टॅक्सचं सॉफ्टवेअर शेवटच्या पानावर आलं आणि आकडा दिसला: देणं 4,340 डॉलर. इतकी वर्षं न चुकता रिफंड घेणारी मी. चहा तसाच गार झाला. दोन्ही पगारांतून दर पंधरवड्याला टॅक्स कापला जात होता, पेस्लिपाही मी नीट लावून ठेवल्या होत्या. मग हे भूत आलं कुठून?

राहते न्यू जर्सीतल्या चेरी हिलला. मुख्य नोकरी जर्सीतच, एका लॅबमध्ये, वर्षाला 72 हजार. ग्रीन कार्ड हातात आल्यावर जानेवारी 2024 पासून शनिवार-रविवार फिलाडेल्फियात दुसरी नोकरी, 24 हजारांची. पॅटको या लोकल गाडीत बसलं की पुलापलीकडे, पेनसिल्व्हेनियात. राज्य बदललं हे गाडीत कळत नाही, पेस्लिपवर कळतं.

दोन्हीकडे डब्ल्यू-4 (पगारातून किती टॅक्स कापायचा ते सांगणारा फॉर्म) भरताना स्टेप 2, म्हणजे एकाहून जास्त नोकऱ्यांचा भाग, मी कोरीच सोडली. वाटलं, नवरा-बायको दोघं कमावतात त्यांच्यासाठी असेल. झालं असं की दोन्हीकडच्या पेरोलने, म्हणजे पगार काढणाऱ्या विभागाने, मला 14,600 चं पूर्ण स्टँडर्ड डिडक्शन (टॅक्समधून वगळलेली ठरावीक रक्कम) देऊन टाकलं. एकाच पाहुणीला दोन घरांत पोटभर वाढलं, आणि बिल एप्रिलमध्ये आलं. दुसऱ्या नोकरीत 24 हजारांवर कापले जेमतेम 940. खरं तर त्या पगाराचा प्रत्येक डॉलर माझ्या 22 टक्के टॅक्सच्या पट्ट्यात पडत होता, म्हणजे 5,280. वजाबाकी तुम्हीच करा.

दंड मात्र लागला नाही, यावर माझाच विश्वास बसेना. 2023 चा माझा पूर्ण टॅक्स होता साधारण 8,100 आणि 2024 मध्ये कापले गेले 8,621. आदल्या वर्षाच्या टॅक्सइतकं कापलं गेलं असेल तर दंड नाही (उत्पन्न दीड लाखाच्या वर असेल तर 110 टक्के लागतं). पण पुढच्या खेपेला आदलं वर्ष म्हणजे 8,621 अधिक 4,340, असं 12,961 चं. तेव्हा ही पळवाट एकदाच.

मग मी त्या चौकटीकडे वळले. स्टेप 2 मधली सी चौकट. दोनच नोकऱ्या असतील तर दोन्ही फॉर्मवर टिक करा, असं लिहिलंय. केली. दोन्हीकडे मिळून हातात येणारी रक्कम दर पंधरवड्याला दोनशे डॉलरच्या घरात घटली. नवा फॉर्म लागू करायला पेरोलला तीसेक दिवसांची मुभा असते, त्यामुळे आधी वाटलं काहीच झालं नाही, आणि मग एकदम कुऱ्हाड.

2024 चेच आकडे घालून मी वहीत हिशोब मांडला. चौकट लावली असती तर 13,937 कापले गेले असते, म्हणजे 976 जास्त. का? तर ही चौकट धरून चालते की दोन्ही पगार सारखे आहेत. स्टँडर्ड डिडक्शन आणि टॅक्सचे पट्टे ती सरळ निम्मे करून दोन्हीकडे वाटते. माझा दुसरा पगार पहिल्याच्या एक तृतीयांश. सरकारला बिनव्याजी 976 डॉलर उसने द्यायला मी काय पतपेढी काढली आहे? ऑगस्टमध्ये दोन्ही टिका काढल्या आणि मुख्य नोकरीच्या फॉर्मवर 4 सी मध्ये, म्हणजे जादा कपातीच्या ओळीत, रक्कम लिहिली. 4,340 भागिले 26 म्हणजे 167 प्रत्येक पगाराला. वर्षाच्या मध्यात बदलताना आयआरएसच्या (अमेरिकेच्या केंद्रीय टॅक्स खात्याच्या) साइटवरचा एस्टिमेटर, म्हणजे कपातीचा हिशोब करून देणारं पान, वापरा, आतापर्यंत कापलेलं तो धरतो. आणखी एक फायदा: 4 सी भरताना कारण द्यावं लागत नाही. टिक केली की पेरोलमधल्या बाईंना कळतं, हिच्या घरात आणखी एक पगार आहे.

इथवर लिहिलं असतं तर चौकटीला एक तारा दिला असता. पण ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या नोकरीतल्या माझ्या शिफ्टा निम्म्या झाल्या. चौकट असती तर तिकडचा पगार घटला तशी कपातही घटली असती. माझी जादा कपात मात्र तसूभर हलली नाही. पुन्हा एस्टिमेटर, पुन्हा फॉर्म. म्हणजे ती चौकट अगदीच बिनडोक नाही.

आता राज्यांचं. एस्टिमेटर फक्त फेडरलचं, म्हणजे केंद्राच्या टॅक्सचं, बघतो. जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात करार आहे: जर्सीत राहणाऱ्याने आरईव्ही-419 भरून दिला की पेनसिल्व्हेनियाचा 3.07 टक्के कापत नाहीत. मला तो फॉर्म कुणी दिलाच नव्हता. 2024 च्या मार्चअखेर मी स्वतः शोधून दिला, तोवर 184 डॉलर गेले होते. ते परत मिळवायला पेनसिल्व्हेनियाचं वेगळं रिटर्न, पीए-40, भरलं. 184 डॉलर मी सोडणार नव्हते.

आणि मग पेरोलशी वाजलं. आरईव्ही-419 देऊनही 3.44 टक्के कापणं चालूच! तीन ईमेल, एक फोन, आवाज चढलेला. ते बरोबर होते, मी चूक. तो फिलाडेल्फिया शहराचा वेज टॅक्स, म्हणजे पगारावरचा टॅक्स, राज्याच्या कराराशी त्याचा संबंध नाही, शहरात काम केलं की तो कापणारच. नंतर कळलं, जर्सीच्या रिटर्नमध्ये त्याचं क्रेडिट मिळतं. माझे 826 जर्सीच्या टॅक्समधून वळते झाले. तरी जर्सीला वर पावणेसातशे भरावेच लागले, कारण दुसऱ्या नोकरीत जर्सीचं काहीच कापलं जात नव्हतं. आता मुख्य नोकरीतल्या एनजे-डब्ल्यू4 वरही, म्हणजे जर्सीच्या डब्ल्यू-4 वरही, जादा कपात लिहून ठेवली आहे.

गेल्या आठवड्यात एडिसनच्या मैत्रिणीचा फोन. नवऱ्याला नोकरी लागली, चौकटीत टिक करू का? विचारलं, पगार किती? म्हणाली, माझ्याएवढाच, हजारभर इकडेतिकडे. म्हटलं, डोळे मिटून कर. पण दोघांच्याही फॉर्मवर.