'छावा' आवडला, पण येसूबाई अर्ध्यातच राहिल्या

ऐतिहासिक असो की संतांचा, असा सिनेमा लागला की आमच्या घरातून सगळे जातात. लढाया, गड, पोशाख यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी बघते ते एवढंच, की घरात मागे राहिलेल्या बाईला सिनेमा किती जागा देतो.

'छावा' २०२५ च्या फेब्रुवारीत आला, तेव्हा सासूबाई आणि जाऊबाईंबरोबर साताऱ्यातच पाहिला. विकी कौशलने जीव ओतलाय, यात वादच नाही. अक्षय खन्नाचा औरंगजेब आवाज न चढवता धडकी भरवतो. साखळदंडात असताना शंभूराजे आणि कवी कलश एकमेकांशी कवितेत बोलतात, तेव्हा थिएटरात चिडीचूप झालं होतं. आमच्या पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि शेवटपर्यंत पुन्हा घातली नाही. रेहमानच्या संगीताने मात्र माझी निराशा केली. हलगी, संबळ आणखी हवं होतं. महाराजांना लेझीम खेळताना दाखवलं म्हणून आरडाओरडा झाला आणि तेवढा भाग प्रदर्शनाआधीच काढून टाकला. मला तो ठेवायला हवा होता असं वाटतं. आमच्याकडे शाळेच्या मैदानापासून गावच्या मिरवणुकीपर्यंत लेझीम मानाची आहे, राजा खेळला तर त्यात कमीपणा कसला?

माझी खरी तक्रार येसूबाईंबद्दल आहे. रश्मिका मंदानाच्या वाट्याला ओवाळणं, वाट बघणं आणि डोळ्यांत पाणी आणणं, जवळपास एवढंच आलंय. ११ मार्च १६८९ ला महाराज गेले आणि सिनेमाही तिथेच संपतो. या बाईची खरी परीक्षा तर तिथून पुढे आहे. नवऱ्याचे हाल झालेले, रायगडाला वेढा पडलेला, पदरात सात वर्षांचे शाहू. अशा वेळी त्यांनी गादीचा हट्ट धरला नाही. राजाराम महाराजांना गडाबाहेर पाठवलं आणि स्वतः मुलाला घेऊन मागे थांबल्या. गड पडला आणि त्या मोगलांच्या कैदेत गेल्या. १७०७ मध्ये शाहू सुटले, पुढच्या वर्षी इथे साताऱ्यात त्यांना राज्याभिषेक झाला, तरी आई कैदेतच. बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून त्यांना सोडवून घेऊन आले ते १७१९ मध्ये. लहानपणी कैदेत गेलेला मुलगा छत्रपती झालाय आणि तीस वर्षांच्या कैदेनंतर आई त्याच्या राजधानीत येतेय! या भेटीवर अजून कुणाला मोठा सिनेमा काढावासा वाटला नाही, याचं मला फार वाईट वाटतं. त्यांची समाधी आमच्या जवळच, संगम माहुलीला आहे. 'छावा' बघून आलेल्या साताऱ्याच्या माणसाने तिथे जाऊन यावं.

बाईला जागा कशी द्यायची हे बघायचं असेल, तर प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम' बघा. दामले-फत्तेलाल यांचा. विष्णुपंत पागनीस तुकोबा म्हणून मनात बसतातच, पण मला त्यात गौरीबाईंनी केलेली जिजाई, आपली आवली, जास्त धरून ठेवते. पोर आजारी पडल्यावर ती चप्पल घेऊन थेट विठोबापुढे उभी राहते. त्या प्रसंगात ना पार्श्वसंगीताचा गदारोळ, ना कॅमेऱ्याच्या कसरती. तिचा तो तापलेला, तोंडाळ आवाज ऐकला की चुलीत सारायला लाकूड नाही, डब्यात दाणा नाही, हे न सांगता कळतं. नवरा अभंगात रंगलेला आणि पोरांचं पोट हिच्या गळ्यात. तिची बाजू खोटी आहे असं सिनेमा एकदाही म्हणत नाही, आणि त्यामुळे तुकोबाही कुठे लहान होत नाहीत. सासूबाई माळकरी. देवावर चप्पल उगारलेली त्यांना खटकेल अशी मला धास्ती होती. त्या म्हणाल्या, "तिनं नाही भांडायचं तर कुणी भांडायचं?"

'छावा' मी पाचपैकी साडेतीन देईन, त्यातले बरेचसे शेवटच्या तासाला. पण तोच तास लहान मुलांना सोसणारा नाही. आमच्या शेजारचा दुसरीतला मुलगा आईच्या पदरात तोंड खुपसून बसला होता. मुलं दहा-बारा वर्षांची होईपर्यंत थांबा. 'संत तुकाराम' मात्र सगळ्यांनी मिळून बघा. यूट्यूबवर आहे, आवाज जुना आणि खरखरीत आहे, तेव्हा मोबाइलवर न बघता टीव्हीला जोडून बघा.