नाताळच्या झाडासमोर फोटो: फ्लॅश, नाइट मोड की 50 एमएम?

खोताची वाडी, मुंबईतली जुनी ख्रिस्ती वस्ती, आमच्या गिरगावातच, त्यामुळे दर नाताळला कुणाच्या तरी घरी झाडासमोर फोटो काढायचं काम माझ्या गळ्यात पडतं. खोली दहा बाय बाराची, झाड कोपऱ्यात, मंडळी त्याला जवळजवळ टेकून उभी. काहीही वापरा, आधी त्यांना चार-पाच फूट पुढे ओढा आणि ट्यूबलाइट घालवा. माणूस झाडापासून सुटला की मागचे दिवे गोल, मऊ ठिपके होतात. चेहऱ्यासाठी एका बाजूला पिवळ्या उजेडाचा टेबललॅम्प पुरतो.

फ्लॅश समोरून मारला तर चेहरा पीठ फासल्यासारखा होतो, प्लास्टिकच्या फांद्या उघड्या पडतात आणि ज्यांच्यासाठी खटाटोप केला ते दिवेच विझल्यासारखे दिसतात. फ्लॅशच्या जोरावर कॅमेरा शटर लवकर मिटतो. दिव्यांना ते जास्त वेळ उघडं लागतं. स्लो सिंकवर (फ्लॅश मारूनही शटर जास्त वेळ उघडं ठेवणारा मोड) 1/15 सेकंद ठेवून, फ्लॅशवर नारिंगी जिलेटिन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावून फोटो बराच सुधारतो. छताकडे वळवलेला फ्लॅश त्याहून बरा, पण छत पांढरं हवं. वाडीतल्या जुन्या घरांच्या लाकडी छताखाली मी तोंडावर आपटलोय.

फोनचा नाइट मोड एक ते तीन सेकंदांत बरेच फोटो घेऊन एकावर एक बसवतो. खुर्चीत बसलेल्या आजीसाठी झकास. फोन मात्र चकलीच्या डब्याला टेकवून टायमर लावा. नातू हलला की त्याला दोन नाकं. मागचं कृत्रिमपणे धूसर करणाऱ्या पोर्ट्रेट मोडमध्ये केसांची कड कात्रीनं कापल्यासारखी येते, तो मी बंदच ठेवतो.

कॅमेऱ्याच्या 50 एमएम, एफ 1.8 लेन्सवर माझा जीव (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त आणि मागचं धूसर). एफ 2, 1/50 सेकंद, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) 1600 पासून सुरुवात करा. 1/50 का, तर आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. स्वस्त एलईडी माळा तिच्या तालावर लुकलुकतात आणि फोनच्या किंवा मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये वेग वाढवला की फोटोत आडवे पट्टे उठतात. मूल धावत असेल तर पट्ट्यांचा धोका पत्करून 1/125 वर जा, आयएसओ 3200 ला घाबरू नका. माळेचा उघडझाप मोड मात्र आधी बंद. दोघं पुढेमागे उभे असतील तर एक चेहरा धूसर येणार, त्यांना एका रेषेत आणा. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ही लेन्स साधारण 75 ते 80 एमएमसारखी वागते, म्हणजे अख्खं कुटुंब मावायला तुम्ही स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून उभे. तिथे जास्त मावणारी 35 एमएम घ्या.

उघड्यावरच्या झाडाला फोनही चालतो, फक्त वेळ साधा. डिसेंबरअखेर मुंबईत सूर्य सहाच्या जरा पुढे मावळतो, त्यानंतरची वीस मिनिटं आकाश निळं असतं.

एकदाच खर्च करणार असाल तर लेन्स. फ्लॅश शेजाऱ्याकडून मागून आणा, जिलेटिनचा तुकडा नाटकवाल्या मित्राकडून.