कुंभारगाव (भिगवण) बोट सफारी : फोटोंसाठी नाही, थव्यांसाठी जा

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटले. पाचपैकी चार स्टार, आणि कापलेला एक कशाचा ते खाली येईलच.

पुण्याहून सोलापूर हायवेने शंभरेक किलोमीटर, भिगवणच्या जरा पुढे उजनीच्या बॅकवॉटरच्या काठाला हे गाव. १९८० ला धरण झालं, भीमेचं पाणी पसरलं, कितीतरी गावं पाण्याखाली गेली आणि त्या उथळ पाण्यावर पक्षी उतरायला लागले. बोट चालवणारे बहुतेक मच्छीमार घरातले. आमची बोट जो पोरगा चालवत होता त्याला चमचा, शेकाट्या, वारकरी, चित्रबलाक सगळं लांबूनच ओळखता येत होतं, आम्ही बायनॉक्युलर डोळ्याला लावून फोकस करेपर्यंत हा नाव सांगून मोकळा.

इथे येणारे बहुतेक लोक फ्लेमिंगोच्या, म्हणजे रोहितांच्या, क्लोजअपसाठी येतात. येऊ देत, पण माझं म्हणणं असं की एकेकटा पक्षी बघायचा तर प्राणीसंग्रहालयातही आहे, इथे बघायचा तो थवा. रोहितांचा कळप चिखलात डोकं उलटं घालून चरत असतो आणि कुठेतरी दोन-चार जण माना ताठ करून झपझप चालायला लागतात, की बघता बघता शेजारचे त्यांच्यात सामील, सगळ्यांच्या माना एकाच लयीत इकडून तिकडे, मग कोणीतरी पंख उघडतं की बाकीच्यांचेही उघडतात. हा जोडीदार शोधायचा सामूहिक नाच, यात हिरो-हिरॉईन असं कोणी नाही. आणि पुढे कच्छच्या रणात घरटी झाली की अंडं उबवण्यापासून घशात तयार होणारं 'दूध' पाजण्यापर्यंत सगळं नर-मादी दोघं करतात. दोघांच्याही घशात ते तयार होतं! हे मी बोटीत मोठ्याने सांगितलं तर नवरा दुसरीकडे बघायला लागला.

तर आमच्या बोटीत एक काका होते, हातभर लांब लेन्स, बसल्या बसल्या पुढची फळी पकडली ती शेवटपर्यंत सोडली नाही, मागे बसलेल्या लहान मुलीला फक्त त्यांची टोपी दिसत होती. तेवढ्यात डोक्यावरून पट्टकदंबांची रांग गेली. हे तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येणारे हंस. बोटवाला म्हणाला, "ताई वर बगा, म्होरचा आता मागं यील." आणि खरंच थोड्या वेळाने पुढचा बाजूला सरकला, दुसरा टोकाला आला. काकांचं लक्ष नव्हतं, ते सेटिंग बदलत होते.

घरी येऊन यावर बरंच वाचलं. पुढच्याच्या पंखांमुळे हवेचा जो झोत वर उठतो त्यावर मागच्याला फुकटात आधार मिळतो, टोकावरच्याला मात्र काहीच नाही, म्हणजे पुढे राहणं हा मान नसून हमालीच. युरोपात आपल्या शराटीच्या नात्यातल्या, माणसांनी हाताने वाढवलेल्या टकल्या आयबिस पक्ष्यांच्या पाठीवर यंत्रं बांधून हे मोजलंय, २०१५ साली त्याचा पेपर आला. जो पक्षी जितका वेळ दुसऱ्याच्या मागे आरामात उडला साधारण तितकाच वेळ तो स्वतः पुढेही राहिला, आणि हिशोब बऱ्यापैकी जोडीजोडीने, तू माझ्यामागे आलास आता मी तुझ्यामागे. चुकवेगिरी जवळजवळ नाहीच. आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचा हिशोबही इतका सरळ नसतो.

पण खरा पैसा वसूल संध्याकाळी, बोटीतून उतरल्यावर, आणि तो फुकट आहे. भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना! थंडीत इथल्या ज्वारीवर येतात म्हणून शेतकऱ्यांच्या शिव्या खातात, पण मावळतीला झोपायच्या जागी जमताना आकाशात त्यांचा जो धूर उठतो, कधी लांब पट्टा, कधी गोळा, मधेच फाटतो परत जुळतो, तो व्हिडिओत येत नाही. कोणीही पुढारी नाही. यांच्या चुलत बहिणींवर, रोममधल्या मैनांवर, इटालियन लोकांनी केलेलं काम २००८ मध्ये छापून आलं, त्यात असं निघालं की प्रत्येक पक्षी फक्त आपल्या जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांकडे लक्ष ठेवतो, मग ते हातभर लांब असोत की आणखी दूर. हजारोंचा थवा आणि प्रत्येकाचं लक्ष सहा-सात जणांवर, बास. ससाणा आला की एका कडेची वळकटी दुसऱ्या कडेपर्यंत कशी पळत जाते ते यामुळे कळतं.

आता लगेच पक्ष्यांकडे सगळं कसं समान वगैरे व्हॉट्सॅप फॉरवर्ड करू नका. त्याच पाण्यावर कुरव (सीगल) एकमेकांच्या चोचीतला मासा ओढताना बघितले, आणि घरच्या कोंबड्यांमध्ये कोणी कोणाला टोचायचं याची उतरंड असते हे तर १९२० च्या दशकातच एका नॉर्वेजियन माणसाने लिहून ठेवलंय. खाण्यापाशी भांडण आणि उडताना मेळ, दोन्ही खरं.

आता कापलेला स्टार. शेजारून एक मोटरबोट आली, त्यातल्यांना रोहित उडताना हवे होते, टाळ्या वाजवल्या, कोणीतरी शिट्टी मारली, आणि त्यांच्या बोटवाल्याने बोट सरळ कळपात घातली. अख्खा कळप उठला. दिसायला सुंदर, खोटं कशाला बोलू, पण चरणारे पक्षी परत परत उठवले तर त्यांनी खायचं कधी, लांब प्रवासाला निघायच्या आधी चरबी साठवायची कधी? कुरवांना जवळ आणायला मासे आणि शेव फेकणंही तसलंच. आमच्या पोराने मात्र लांबूनच इंजिन बंद करून बांबूने बोट नेली, सांगावंही लागलं नाही. बुक करताना फोनवर हे आधी विचाराच, बोट ढकलत नेणार का मोटर लावणार, आणि भाडं अख्ख्या बोटीचं की माणशी तेही.

डिसेंबर ते मार्च बरा काळ, रोहित पाणी उतरून चिखल उघडा पडला की जास्त, म्हणजे जानेवारीनंतर. सकाळी सूर्याच्या आधी पोहोचा. बायनॉक्युलर आपली न्या, लाइफ जॅकेट मागून घ्या, बायकांनी टॉयलेटचं हायवेवरच उरकून घ्यावं. जेवण मात्र एक नंबर, आणि चिलापी फ्रायची ऑर्डर बोटीत बसायच्या आधीच देऊन ठेवा, नाहीतर परत आल्यावर वासावर तासभर काढावा लागतो.